फँटसी फुटबॉल ड्राफ्ट: कोणाला घ्यायचं यापेक्षा कोणाला सोडायचं याची यादी

२०२४ मध्ये ऑफिसमधल्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची टीम निवडायची आणि ते मैदानावर जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला, एक जागा रिकामी झाली आणि मॅनेजरने मला विचारलं, मी हो म्हटलं, कारण दर सप्टेंबरपासून लंच टेबलवर सगळे एका वेगळ्याच भाषेत बोलतात आणि आपण नुसते सँडविच खात बसतो याचा कंटाळा आला होता. अमेरिकन फुटबॉल मला बघून बघून कळायला लागलं होतं, नवरा रविवारी लावून बसतोच. पण फँटसी म्हटल्यावर माझ्या डोक्यात ड्रीम इलेव्हन होतं, अकरा जण निवडायचे, शंभर क्रेडिट, कॅप्टनला डबल पॉइंट, आणि बुमरा तुमच्याकडेही असू शकतो आणि माझ्याकडेही. इथे तसं नाही. बारा जणांची लीग, खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात आणि प्रत्येक निवडीला पिक, आमचा स्नेक ड्राफ्ट, म्हणजे पहिल्या राउंडला एक ते बारा आणि दुसऱ्याला उलट बारा ते एक, आणि एकदा खेळाडू कुणी उचलला की तो वर्षभर त्याचा, बाकी अकरा जणांनी बघत बसायचं. चार महिन्यांची टीम दोन तासांत ठरते आणि प्रत्येक पिकला दीड मिनिट.

मला दहावा नंबर आला. म्हणजे पहिला पिक दहावा, दुसरा पंधरावा, मग थेट चौतिसावा. हा आकडा कळला तेव्हाच अर्धं काम झालं असं म्हणायला हरकत नाही, कारण मॅकॅफ्री, लँब, जेफरसन, चेस या सगळ्यात आधी जाणाऱ्या खेळाडूंबद्दल वाचत बसायची गरजच संपली, ते माझ्यापर्यंत येणारच नव्हते.

मग मी आमच्या लीगचे नियम नीट वाचले, जे माझ्या मते निम्मे लोक वाचतच नाहीत. आमच्याकडे कॅचला अर्धा पॉइंट आहे, बऱ्याच रँकिंग याद्या असतात पूर्ण एक पॉइंटच्या हिशोबाने, त्यामुळे त्यात छोटे छोटे कॅच घेणारे रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारे) वर दिसतात आणि बॉल घेऊन नुसते पळणारे रनिंग बॅक खाली. म्हणजे ती यादी जशीच्या तशी घेतली तर आपण दुसऱ्याच लीगसाठी टीम निवडतोय. दुसरं म्हणजे क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, पासच्या पंचवीस यार्डाला एक पॉइंट पण स्वतः पळला तर दहा यार्डाला एक, टचडाउन म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे, गोल लाइनपलीकडे, नेणं, ते पास देऊन झालं तर चार आणि पळून टचडाउन केलं तर सहा. हे वाचल्यावर मला वाटलं अरे मग पळणारा क्वार्टरबॅक म्हणजे एका तिकिटात दोन माणसं, आणि तो जर नवा असेल तर उशिरा पण मिळेल. तिथेच जेडन डॅनियल्सचं नाव वहीत लिहिलं, २०२४ च्या एनएफएलच्या, म्हणजे खऱ्या लीगच्या, ड्राफ्टमधला दुसऱ्या नंबरचा पिक, वॉशिंग्टनने घेतलेला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात अकराशेच्या वर यार्ड पळलेला.

आता मुख्य गोष्ट. आम्ही राहतो कोलंबसला, ओहायोमध्ये. इथे शनिवारी लाखभर माणसं ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमची मॅच बघायला स्टेडियममध्ये जातात, किराणा दुकानात अनोळखी माणूस ‘ओ-एच’ म्हणाला तर ‘आय-ओ’ म्हणून ओहायोचं स्पेलिंग पूर्ण करावं लागतं, आमचे मंडळातले काकासुद्धा लाल टीशर्ट घालून येतात. आणि हेच लोक ड्राफ्टला बसतात. मी काय केलं, ऑनलाइन जो सरासरी ड्राफ्ट नंबर असतो ना, एडीपी म्हणतात, तो एका कॉलममध्ये लिहिला आणि शेजारच्या कॉलममध्ये ‘आपल्या ऑफिसमधला भाव’ लिहिला. एडीपी अख्ख्या देशाचा असतो, माझ्यासमोर बसणारे अकरा जण कोलंबसचे होते.

त्या हिशोबाने सगळ्यात मोठं नाव मार्विन हॅरिसन ज्युनियर, रिसीव्हर. ओहायो स्टेटचा लाडका, वडील हॉल ऑफ फेममधले, ॲरिझोनाने चौथ्या नंबरला घेतलेला. देशभर तो दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला जात होता, आमच्याकडे पहिल्या राउंडमध्ये जाणार हे मला शंभर टक्के माहीत होतं. माणूस चांगला आहे, हात सोन्याचे आहेत, पण ज्याने प्रोमध्ये एक सुद्धा बॉल पकडला नाहीये त्याला आपण सिद्ध झालेल्या माणसाच्या भावात घेतोय. त्याच वर्षीचे मलिक नेबर्स, ब्रायन थॉमस हे नवे रिसीव्हर दोन ते आठ राउंड खाली मिळत होते. नवरा म्हणाला, ‘अगं पण दहाव्याला उरला तर घे की, सगळे घेतायत.’ सगळे घेतायत म्हणूनच नको असं मी म्हटलं, आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, तिसऱ्या राउंडला मिळाला तर हो. तिसऱ्या राउंडला तो मिळणार नव्हता हे मलाही माहीत होतं.

टाळायच्या यादीचं हेच आहे, त्यात ‘कधीच नको’ असं जवळजवळ कोणी नसतं, प्रत्येकापुढे एक राउंड लिहायचा की याच्याआधी नको.

ट्रॅव्हिस केल्सी तसाच. तो जन्माने क्लीव्हलंडकडचा, कॉलेज सिनसिनाटी, वर टेलर स्विफ्टमुळे ज्यांना टाइट एंड (समोरच्याला अडवतो आणि पासही पकडतो तो) म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनाही तो माहीत. पण २०१६ ते २०२२ सलग सात वर्षं हजार यार्डांच्या वर आणि २०२३ ला ९८४, टचडाउन पाच, आणि सीझनमध्ये पस्तिशी पूर्ण करणार. अजून उत्तम खेळाडू, फक्त नाव मागच्या पाच वर्षांचं आणि पाय आत्ताचे. सातव्याच्या आधी नको असं लिहिलं, तिसऱ्यातच गेला.

मग कॉन्ट्रॅक्टवरून रुसून बसलेले. सीडी लँबने २६ ऑगस्टला सही केली, ब्रँडन आयुकने तर ३० ऑगस्टला, म्हणजे सीझन आठवड्यावर आलेला आणि माणसाने कँपमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सराव शिबिरात, सरावच केलेला नाही. लँब माझ्या वाट्याला नव्हताच, आयुकला मी पूर्ण काट मारली. जमार चेसपण तसाच नाराज होता पण आमच्यातला एक बेंगॉल्सचा, म्हणजे चेसच्या सिनसिनाटीच्या टीमचा, कट्टर चाहता आहे, त्याने त्याला तिसऱ्या नंबरला उचललं आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत मी नव्हते हे मात्र सांगते, कारण मी तेव्हा पिझ्झा घेत होते. चेसने त्या वर्षी १२७ कॅच, १७०८ यार्ड आणि १७ टचडाउन केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला. म्हणजे घरच्या टीमवरचं प्रेम दर वेळी महागात जातं असंही नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ख्रिश्चन मॅकॅफ्रीवर घालवला, गंमत म्हणजे जो माझ्याकडे येणारच नव्हता. २०२३ मध्ये २०२३ यार्ड आणि २१ टचडाउन, त्यामुळे सगळीकडे पहिला पिक तोच. पण त्या सीझनच्या शेवटच्या आठवड्यात पोटरीमुळे बसवलेला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कँपमध्ये पुन्हा पोटरी. टीमवाले म्हणत होते काळजी नाही, पहिल्या मॅचला येईल. मला असं वाटलं की एकच पोटरी दोनदा बातमीत आली तर तो योगायोग नाही. मग मी बघितलं की तो नसला तर त्याच्या जागी कोण आहे, एलायजा मिचेल ऑगस्टमध्येच जायबंदी होऊन बाहेर, म्हणजे उरला जॉर्डन मेसन. मेसनचं नाव कुणाच्याच तोंडात नव्हतं. वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

ड्राफ्ट लेबर डेच्या आदल्या दिवशी, एकाच्या बेसमेंटमध्ये. पहिला मॅकॅफ्री. आठवा हॅरिसन, टाळ्या बिळ्या वाजल्या. दहाव्याला माझ्यासमोर सेकॉन बार्कली उरला. त्याच्याबद्दल वाद होता, न्यूयॉर्कच्या जायंट्समध्ये दुखापती झालेल्या, आणि आता फिलाडेल्फियाच्या ईगल्समध्ये गेला तर गोल लाइनजवळ क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागून ढकलून टचडाउन करायची त्यांची ती युक्ती आहेच, २०२३ ला हर्ट्सने एकट्याने पळून पंधरा टचडाउन केलेले, आणि त्यांचा रनिंग बॅक डिआंद्रे स्विफ्ट हजारावर यार्ड पळून पाच टचडाउनवर थांबलेला. माझा हिशोब साधा होता, स्विफ्ट त्या लाइनच्या, म्हणजे पुढे अडवणाऱ्या खेळाडूंच्या, मागे हजार करतो तर बार्कली किती करेल. घेतला. पंधराव्याला जॉनथन टेलर, कारण त्या वर्षी सगळ्यांना रिसीव्हरच हवे होते आणि रनिंग बॅक खाली घसरत होते. चौतिसाव्याला रिसीव्हर माइक एव्हन्स. एकतीस वर्षांचा, म्हणून कुणी हात लावला नाही, पण त्याने लीगमध्ये आल्यापासून दहाच्या दहा वर्षं हजार यार्ड केलेत आणि आदल्या वर्षी तेरा टचडाउन, वयाची भीती मला रनिंग बॅकबद्दल जास्त वाटते. नंतर रिसीव्हर जेलन वॉडल घेतला. आठव्यात ब्रॉक बॉवर्स टाइट एंड, नवव्यात डॅनियल्स, बाराव्यात मेसन. मेसनचं नाव घेतल्यावर एकाने विचारलं, ‘हा कोण?’

शुक्रवारी ६ सप्टेंबरला ईगल्सची मॅच ब्राझीलमध्ये, साओ पावलोला, आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. हरितालिकेचा उपास, एका बाजूला मोदकाचं सारण परतत होते, आयपॅड ओट्यावर टेकवलेला, हाताला गूळ आणि बार्कलीने पहिलं टचडाउन केलं, मग दुसरं, मग तिसरं. गूळ कडेला लागला थोडा. नवऱ्याने येऊन गॅस बारीक केला.

आणि सोमवारी रात्री मॅकॅफ्री आलाच नाही. मॅचच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी येते त्यात नाव. मेसनने अठ्ठावीस वेळा बॉल नेला, १४७ यार्ड, एक टचडाउन. मंगळवारी सकाळी पहिल्या पिकवाला माझ्या डेस्कपाशी डोनट घेऊन आला. मी मेसन दिला नाही. मॅकॅफ्री त्या वर्षी फक्त चार मॅच खेळला.

बाकीचं पटापट सांगते. हॅरिसनने पहिल्या मॅचला एक कॅच, चार यार्ड, दुसऱ्या मॅचला पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन टचडाउन, तेव्हा मला चार लोकांनी मेसेज केले, आणि वर्षाअखेर ८८५ यार्ड. वाईट नाही, पण आठव्या पिकचा भाव नाही तो. क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड, तोही ओहायो स्टेटचा, कुणीतरी चौथ्यात घेतलेला, टचडाउन पास वीसच. पण रिसीव्हर टेरी मॅकलॉरिनपण त्याच कॉलेजचा आणि त्याने तेरा टचडाउन केले, ज्याने घेतला त्याने मला ऐकवलं. आयुकचा सातव्या आठवड्यात गुडघा गेला, टचडाउन शून्य. वॉडल बुडाला, कारण मायामीचा क्वार्टरबॅक टुआ दुसऱ्याच आठवड्यात डोक्याला मार लागून बसला. आता मी रिसीव्हर घेताना त्याला बॉल फेकणारा दुसऱ्या नंबरचा माणूस कोण हे बघते, आधी बघत नव्हते. बॉवर्सने ११२ कॅच घेतले, नव्या खेळाडूचा विक्रम. डॅनियल्स ८९१ यार्ड पळाला. आणि बार्कली २००५.

एवढं सगळं असून जिंकले का, तर नाही. आमच्या लीगच्या प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचा, पहिलाच आठवडा, १५ डिसेंबर, डेन्व्हरमध्ये माझा जॉनथन टेलर एकेचाळीस यार्ड सुसाट पळाला, समोर कुणी नाही, आणि गोल लाइनच्या अगदी आधी, म्हणजे एखाद्या पावलावर, त्याने आनंदात बॉल हातातून सोडून दिला. टचडाउन रद्द, बॉल डेन्व्हरला. आम्ही दोघं सोफ्यावरून उठून उभे, रिप्ले चार कोनांतून, प्रत्येक कोनातून बॉल आधीच सुटलेला. माझे टचडाउनचे सहा गेले आणि बॉल घालवल्याचे दोन वजा. समोरच्याकडे बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन होता आणि त्याच दिवशी बफेलोने डेट्रॉइटला ४८-४२ हरवलं, ॲलनची दोन टचडाउन पासवर, दोन पळून. मी पाचेक पॉइंटनी हरले. टेलरला घ्यायचा निर्णय मी आजही तसाच घेईन, असा बॉल सुटेल ही गोष्ट कुठल्या वहीत लिहिता येत नाही.

आता २०२५ ची वही काढलीये. बार्कली आता पहिल्या तीन-चारात जातोय आणि त्याच भावात तो माझ्या टाळायच्या यादीत आलाय, कारण एनएफएलचे प्लेऑफ धरून त्याने मागच्या सीझनला ४८२ वेळा बॉल हाताळलाय, आणि एवढं ओझं वाहिलेल्या रनिंग बॅकला पुढच्या वर्षी पूर्ण भाव द्यायचं माझ्या जिवावर येतं. नवऱ्याला हे पटलेलं नाही, तो जर्सी घेऊन बसलाय. प्रीसीझनच्या बातम्या मी यंदा वाचणारच नाहीये, कँपमध्ये सगळेच ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्म’मध्ये असतात, पेटीतला वरचा थर बघून आंबे घेण्यासारखं आहे ते.

आणि ओहायो स्टेट २०२५ च्या जानेवारीत कॉलेज चॅम्पियन झालंय, त्यामुळे इथला भाव आणखी चढणार. त्यांचा एमेका एगबुका टॅम्पाला गेलाय, ट्रेव्हियन हेंडरसन न्यू इंग्लंडला. एगबुका जरा उशिरा मिळाला तर बघेन, म्हणजे बहुतेक नाहीच मिळणार. क्विनशॉन जडकिन्सला क्लीव्हलंडच्या ब्राउन्सने घेतलंय. ओहायो स्टेटचा आणि वर ब्राउन्सचा! त्याच्यापुढे मी राउंडच लिहिलेला नाही, आमच्या बेसमेंटमध्ये तो कितव्याला जातो हे फक्त बघायचंय.