एसी आहे ना, मग?

भाच्याच्या क्लासमध्ये मी पर्समधून मीटर काढून बाकावर ठेवला, तेव्हा सरांना वाटलं मी माझी शुगर तपासतेय. आकडा आला २३४०. खोलीत चाळीसेक मुलं, खिडक्या बंद, दार बंद, दोन स्प्लिट एसी चालू.

"सर, हा हवेतला कार्बन डायऑक्साइड. बाहेर सव्वाचारशेच्या आसपास असतो. इथे इतका आहे, म्हणजे मुलं एकमेकांनी सोडलेला श्वास परत परत आत घेतायत."

"पण ताई, एसी आहे ना!"

हे वाक्य मी बँकेत ऐकलंय, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये ऐकलंय, मंगल कार्यालयात तर हमखास. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून फिरतो तो गॅस. उलट एसी बसवताना गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आपण होत्या त्या फटीही बुजवतो. या क्लासमध्ये तर वरची झडप प्लाय ठोकून बंद केलेली होती.

आमच्या वाड्यातल्या खोलीलाही छताजवळ तशी झडप होती, दोरी ओढून उघडायची. तिला आम्ही व्हेंटिलेटर म्हणायचो. एप्रिल २०२१ मध्ये त्याच शब्दासाठी पुण्यात लोक रात्रभर फोन फिरवत होते. मला तो लागला नाही. माझ्या कोविडच्या कागदावर 'सौम्य' असं लिहिलं होतं. अकरा दिवस घरात होते, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही, सगळे म्हणाले, सुटलीस.

तो सौम्य आजार अजून चालू आहे. केस धुतले त्या दिवशी स्वयंपाक नाही. आंघोळ स्टुलावर बसून. उभी राहिले की नाडी ८० वरून १२५ वर जाते. आणि फसवं असं की दमणूक त्याच दिवशी कळत नाही. आज बरं वाटलं म्हणून कपाट आवरलं, तर परवा सकाळी ब्रश उचलवत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एका डॉक्टरांनी "मन रमवा, चालायला जा" म्हणून सांगितलं. मी गेले. तीन आठवडे अंथरुणात काढले.

कोविडनंतर असं महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या आजाराला 'लाँग कोविड' म्हणतात. हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, हे कळलं तेव्हा मला का कुणास ठाऊक फार बरं वाटलं. मे २०२० मध्ये इटलीच्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, स्वतः आजारी असताना, ट्विटरवर ते वापरलं आणि जगभरच्या रुग्णांनी उचललं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. याच संघटनेने मार्च २०२० मध्ये 'कोविड हवेतून पसरत नाही' असं ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, खिडक्या मात्र बंद!

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा झाला. माझा अंदाज, साखरपुड्याच्या बंद हॉलमध्ये. त्याआधी मी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागले होते. आता सोसायटीचं गेट. त्यानंतर मीटर घेतला. "अजून मास्क?" असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला दम लागतो, आकडा दाखवायला लागत नाही.

सरांनी मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. "खिडकी उघडली की समोरचं बांधकाम आत येतं, त्याचं काय?" खरंच आहे. पीएम २.५ म्हणजे हवेतली अतिबारीक धूळ. तिची २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवलीय, आपल्या सरकारने ६०. पुण्याच्या हिवाळ्यात खिडकी उघडताना माझाही हात अडतो. त्यावर फिल्टर हा उपाय. अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाचा एक घरगुती खोका आहे: चार बाजूंना फिल्टर, वर पंखा. तसला चौकोनी पंखा मला इथे मिळाला नाही, म्हणून मी एक्झॉस्ट फॅन लावला. दिसतं कोंबड्यांच्या खुराड्यासारखं. पण धूळ पकडतं, आणि विषाणू वाहून नेणारे बारीक कणही.

ते खुराडं क्लासमध्ये आठवडाभर ठेवलं. सरांचा फोन आला, "ताई, आकडा तर तेवढाच आहे!" चूक माझीच, आधी सांगायला हवं होतं. फिल्टर वायू पकडत नाही. कार्बन डायऑक्साइडने कोविड होत नाही, तो फक्त कोंडलेल्या हवेची चुगली करतो. हवा गाळली तरी आकडा उतरत नाही. त्यासाठी झडप उघडायला हवी. तासाच्या मधली दहा मिनिटं का होईना.

"सुताराला सांगतो," सर म्हणाले. "दिवाळीनंतर."

क्लास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊबीज झाली की मी पुन्हा जाणार आहे, म्हणजे त्याआधी दोन दिवस आणि नंतर तीन दिवस काहीही ठरवायचं नाही. कॅलेंडरवर पाच चौकोन कोरे सोडलेत.