वारो वता खंय?

रविवार, रात्री

घरी बांधत असलेल्या गाडीचा रेडिएटर सकाळी बसवला, दुपारी काढला, संध्याकाळी परत बसवला. आता तो मांगराच्या शेडमध्ये पोत्यावर आडवा पडलाय आणि मी घरी येऊन हात रॉकेलने पुसतोय. बायको म्हणाली, "जेवायला ये, तो काही पळून जात नाही." बरोबर आहे. बसला असता तर पळाला असता.

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा झाला, इंजिन-गिअरबॉक्स बसले, स्टिअरिंग फिरायला लागलं, तेव्हा रेडिएटर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम असं मी धरून चाललो होतो. चार बोल्ट आणि दोन होज पाइप. पण गाडी सेव्हनच्या वळणाची. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९५७ मध्ये काढलेली ती बसकी, लांब नाकाची, दोन माणसांची गाडी. तिचं नाक गुडघ्याच्या थोडं वर. आत इंजिन मारुती जिप्सीचं, १२९८ सीसी, आणि जिप्सीचं तोंड म्हणजे सरळ उभी भिंत. तिचा रेडिएटर आमच्या नाकात ठेवून पाहिला तर वर वीतभर उरला. म्हणून म्हापशाच्या भंगारातून एका छोट्या हॅचबॅकचा आणला होता. जाळी अॅल्युमिनियमची, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या.

आता गाढवपणा लिहून ठेवतो. टाक्यांच्या खाली बोटाएवढ्या दोन खुंट्या होत्या. मध्ये येतात म्हणून सकाळी त्या ग्राइंडरने उडवल्या आणि रेडिएटर अँगलच्या चौकटीत चारही बाजूंनी बोल्टने आवळला. हलवून पाहिला, दगडासारखा घट्ट. मग दुसऱ्या कामासाठी पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं आणि कुठूनतरी बारीक 'टक्' आलं. टाकीच्या कानाला, बोल्ट जातो त्या भागाला, केसाएवढी चीर. चासी पिळली जाते, रेडिएटर पिळला जात नाही, मग तुटायचं कोणी? त्या खुंट्या कंपनीने उगाच नव्हत्या दिल्या. रबराच्या बुशात नुसत्या टेकून बसायच्या असतात त्या. चीर कानालाच थांबली, टाकीत गेली नाही, एवढं नशीब.

संध्याकाळी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खाली रबराचं अंथरूण केलं. आता खाली नुसता टेकायचा आणि वर दोन ताण्या, त्यांनाही रबरी बुश. गणपतीवर फळांची माटोळी टांगतो तसं, घट्ट पण जखडून नाही. रबराचा आणखी एक फायदा: अॅल्युमिनियम आणि चासीचं लोखंड एकमेकांना चिकटत नाहीत. आपल्या खाऱ्या दमट हवेत ही जोडी एकत्र राहिली की अॅल्युमिनियमला पांढरा बुरा येऊन ते खात सुटतं.

मंगळवार

वाड्यावरची पोरं आली होती. चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा वेल्ड करायला मशीन हवं, आणि हात हलवायला वायपरची मोटर. जिप्सीची पडून होती, देऊन टाकली. आमच्या गाडीला काच बसेल तेव्हा बघू.

सेव्हनवाल्यांची एक गंमत सांगतात. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून ही गाडी पेटीतून सुटी विकली जायची. पण सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर ती तयार गाडी ठरणार. मग म्हणे कंपनीने गाडी खोलायच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून वाचायच्या. मीही जिप्सी खोलताना मोबाइलवर तीनशे फोटो काढले आणि आता उलटे बघत बसतो. रेडिएटरच्या बाबतीत मात्र तीनशेतला एकही उपयोगी नाही.

बुधवार, रात्री

आज मेस्त, म्हणजे जुने मेकॅनिक, येऊन गेले. वय सत्तरीच्या पुढे. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाच्या टिपरांचं गॅरेज होतं त्यांचं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभे राहिले आणि पुढे त्यांनी गॅरेजही मिटलं. लाल धुळीने गच्च झालेले रेडिएटर त्यांनी किती धुतले असतील याचा हिशेब नाही. धुवायचं इंजिनच्या बाजूने बाहेर, वारा येतो त्याच्या उलट, हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं. पुढून जोराचं पाणी मारलं तर माती आणखी आत बसते.

मी हौसेने सगळं दाखवलं. नाकाचं तोंड बेचाळीस बाय बारा सेंटिमीटर, जाळी अठ्ठेचाळीस बाय तेहतीस. म्हणजे तोंड जाळीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. लहान वाटतं पण पुरतं, कारण आत मी पत्र्याचं नरसाळं केलंय, तोंडाकडून जाळीकडे पसरत जाणारं. पसरताना वारा मंदावतो, त्याचा दाब वाढतो आणि तो जाळीतून सावकाश जातो. कडांना फोमची पट्टी, नाहीतर वारा जाळीतून कशाला जाईल, बाजूच्या फटीतून निसटेल. रेडिएटर वरून मागे कलता, साधारण वीस अंश, म्हणजे बसक्या नाकात मावतो. पंखा पुढे, कारण मागे स्टिअरिंगचा रॅक. आणि खाली चिखल उडू नये म्हणून नाकापासून इंजिनखालपर्यंत सलग पत्रा. त्या पत्र्याचा मला विशेष अभिमान होता.

मेस्त खाली बसले, बॅटरी मारून मागून पाहिलं, पुढून पाहिलं. मग म्हणाले, "बाब, वारो येता खरो. पूण वता खंय?"

वारा येतो खरा, पण जातो कुठे? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. महिनाभर मी फक्त वारा आत कसा घ्यायचा एवढंच पाहत होतो. तोंडाचं माप, नरसाळ्याचा कोन, फोम. आत आलेल्या वाऱ्यापुढे काय? मागे इंजिन, बाजूंना पत्रा, वर बॉनेट, खाली माझा तो लाडका पत्रा. मागची खोली वाऱ्याने भरली की पुढचा वारा तोंडातून आत येणार नाही, नाकावरून वर निघून जाईल. घराला एकच खिडकी ठेवून झुळुकेची वाट बघत बसण्यासारखं.

दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. पुढचा पंखा ढकलतो, मागचा ओढतो, ओढणारा बरा. पुढचा पंखा गाडी पळताना नुसताच आडवा येतो, आणि पळणाऱ्या गाडीला पंखा लागतोच कुठे? तो लागतो उभं राहिल्यावर.

चहा घेतला नाही त्यांनी. साखर आहे म्हणाले.

गुरुवार

खालचा पत्रा इंजिनाखालून कापला. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना, रेडिएटरच्या मागे, तिरक्या खिडक्या पाडल्या. रेडिएटर चार सेंटिमीटर पुढे सरकवला, म्हणजे नरसाळं नवीन करायला लागलं. मागे पातळ पंखा बसला, रॅकपासून बोटभर अंतरावर. रिले, फ्यूज, तापमानाचा स्विच. पुढचा पंखा पोरांनी नेला. "नरकासुराचे केस उडवायला," म्हणाले.

शनिवार, दुपार

पाणी भरलं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड. आपल्याकडे गोठायची भीती नाही, पण कूलंट हवं ते गंजासाठी, आणि उकळबिंदूही जरा वर जातो. झाकणावर ०.९ लिहिलंय, तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा शंभरला न उकळता ११८ च्या आसपास उकळतं. म्हणून गरम गाडीचं झाकण उघडणाऱ्याचा हात भाजतो, चेहराही भाजतो.

इंजिन चालू केलं. सहा मिनिटांत काटा नव्वदच्या पुढे, आठव्या मिनिटाला शंभर, आणि रेडिएटरला हात लावला तर थंडगार! वरचा होज पाइपही थंड. बंद केलं. घाम पुसला, ऑक्टोबरचा आणि भीतीचा, दोन्ही.

इंजिनचं डोकं रेडिएटरपेक्षा उंच आहे. भरताना आतली हवा वर जाऊन थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी, अडकली असणार. थर्मोस्टॅट उघडायला गरम पाणी त्याला लागावं लागतं, त्याच्याभोवती नुसती हवा. पुन्हा तोच प्रश्न, फक्त या वेळी पाण्याच्या बाजूने. काऊलवर, म्हणजे बॉनेटच्या मागच्या पत्र्यावर, सगळ्यात उंच जागी, छोटी टाकी आहेच. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून आणि थर्मोस्टॅटच्या घरातून तिच्यात दोन बारीक नळ्या नेल्या. थर्मोस्टॅटच्या कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. परत भरलं, हळूहळू, होज दाबत दाबत. टाकीत बुडबुडे येत राहिले, सुपारीच्या कुळागरात पाटाचं पाणी फिरवल्यावर वाळल्या मातीतून येतात तसे.

शनिवार, रात्री उशिरा

मामांच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, गाडी नेली. या गाडीला आरटीओचा नंबर मिळणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आपल्याकडे गाडीच्या मूळ रूपात फेरफार करायलाच कायद्याची हरकत, इथे तर मी जिप्सीची जिप्सी ठेवली नाही. तेव्हा हिचं जग म्हणजे भाटातला सव्वा किलोमीटर लाल रस्ता. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये काटा अठ्ठ्याऐंशीवर. वर पोचून उभी केली. ब्याण्णव, त्र्याण्णव, मग पंखा लागला. बाजूच्या खिडकीपाशी हात धरला तर भट्टीसारखा गरम वारा बाहेर येत होता. मी तसाच हात धरून बसलो. काटा खाली आला, पंखा बंद. पुन्हा लागला, पुन्हा बंद. अंधार पडेपर्यंत हेच बघत होतो, गाडी फिरवायचं विसरूनच गेलो.

परतताना जाळीवर लाल धुळीचा थर बसलेला. पुढे बारीक जाळी लावायला हवी.

रविवार, पहाटे

चतुर्दशी. रात्रभर ढोल. चार वाजता नरकासुर आमच्या दारावरून गेला. हात वायपरच्या मोटरवर वरखाली, आणि काथ्याचे केस माझ्या पंख्याने भन्नाट मागे उडत होते. पोरं ओरडत होती, मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होतो, "जाळायच्या आधी पंखा काढा रे! पंखा काढा!"

काढला. एक पातं तुटलंय. आई पोह्यांना हाक मारतेय, आणि कारीट अजून फोडायचंय.