लाँगटेल घ्यावी का? कोथरूडहून सहा महिन्यांच्या नोंदी

फेब्रुवारीत एक वही केली. दोनशे पानी, शाळेची. घराबाहेर पडलं की तारीख, कुठे, किती किलोमीटर, सोबत कोण आणि ओझं किती, एवढं लिहायचं असा नेम ठेवला. कार्गो बाईकचं, म्हणजे ओझं वाहायला बनवलेल्या सायकलचं, वेड मला दोन वर्षांपासून आहे. लाँगटेल हा त्यातलाच मागून लांब केलेला प्रकार. पण हौसेने आणलेली सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली तर जीव तुटेल, म्हणून आधी आकडे हवे होते.

चार आठवड्यांत ७४ फेऱ्या भरल्या. ३१ फेऱ्यांना खांद्यावरच्या पिशवीपलीकडे काही नव्हतं. २६ फेऱ्यांना ५ ते १५ किलो ओझं होतं: भाजी, किराणा, इस्त्रीचे कपडे. उरल्या १७. त्यातल्या ११ लेकीला शाळेतून उचलून नाचाच्या क्लासला सोडायच्या, ३ मंडईच्या, २ दळणाच्या आणि एक ताईकडे बावधनला, आंब्याच्या दोन पेट्या घेऊन. या १७ फेऱ्या स्कूटरवर झाल्या. वही बंद करताना जे दिसलं ते मला आधी कधीच दिसलं नव्हतं: आमच्या घरातली दुसरी स्कूटर या १७ फेऱ्यांसाठी उभी आहे.

मार्च-एप्रिलमध्ये माझ्या साध्या हायब्रिड सायकलला लोखंडी कॅरियर आणि दोन पॅनिअर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावले. ज्यांच्या डोक्यात कार्गो बाईक घोळतेय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी हे करून बघा. माझ्या त्या २६ फेऱ्या इथेच सुटल्या. कांदे-बटाटे तळाशी, पालेभाजी वर, दुधाच्या पिशव्या मध्ये, आणि दोन्ही बाजूंना वजन सारखं. एवढ्यावर महिनाभराचा किराणाही दोन फेऱ्यांत येतो. अडलं ते लेकीपाशी. तिचं वजन २३ किलो, दप्तर ४ किलो, आणि कॅरियरवर मर्यादा कोरलेली २५ किलो. शिवाय तिचे पाय चाकाच्या तारांजवळ येतात. साडी गार्ड लावून, पाय ठेवायला खुंट्या लावून ते जमवता आलं असतं, पण मर्यादेच्या बाहेरचं वजन आणि तेही स्वतःचं मूल, तिथे मी तडजोड करणार नव्हते.

जूनच्या मध्यावर, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, सायकल ग्रुपमधल्या एका मित्राने त्याची लाँगटेल पाच आठवड्यांसाठी दिली. जुन्या माउंटन बाईकच्या स्टीलच्या फ्रेमला मागून जोड लावून, मागचं चाक जवळपास हातभर मागे नेलेली. १९९८ साली सुरू झालेल्या एक्स्ट्रासायकल कंपनीने हीच जोडणी जगभर लोकप्रिय केली. मोटर नाही. वजन २४ किलो. लांबी मी स्वतः टेपने मोजली, २१४ सेंटिमीटर.

पुढे पेटी असलेल्या लाँग जॉनचा मोह मलाही झाला होता. डेन्मार्कमध्ये त्या १९२०च्या दशकापासून चालताहेत आणि ओझं डोळ्यांसमोर राहतं हा त्यांचा मोठा गुण. पण अडीच मीटरची सायकल आमच्या गल्लीच्या वळणावर, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना, एका दमात वळत नाही. तो विषय मी तिथेच सोडला.

पहिल्या दिवशी रिकामी चालवली तेव्हा फरक फारसा जाणवला नाही. वळताना थोडी बस चालवल्यासारखी मोठी कमान घ्यावी लागते, एवढंच. दुसऱ्या दिवशी लेक मागे बसली. मागच्या फळीवर उशी, धरायला मागे आडवा दांडा, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या. डहाणूकर कॉलनीतून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर कळलं की मागे बसणाऱ्याला सांगावं लागतं. साध्या सायकलवर आपण पेडलवर उभं राहून तो ओलांडतो, मागच्याला ते करता येत नाही. तेव्हापासून मी "उंचवटा" म्हटलं की ती पायांवर जोर देऊन किंचित उठते. आता तर माझ्या आधी तीच ओरडते. पाठीवर तिचे दोन्ही तळहात टेकलेले असतात. ती कंटाळली की बोटांनी क्लासमधल्या तालाची उजळणी माझ्या पाठीवर करते, आणि ताल चुकला की पुन्हा पहिल्यापासून. स्कूटरवर हे मला कधी कळलंच नव्हतं.

ओझ्याचा खरा धडा मंडईत मिळाला. १० किलो बटाटे, ५ किलो कांदे, एक मोठा फणस. मी सायकल साइड स्टँडवर लावली आणि उजवीकडची झोळी आधी भरली. डावीकडे वळते न वळते तोच सायकल आडवी. बटाटे पार फुलवाल्यांपर्यंत गेले. चार जणांनी उचलू लागलं. नुकसान काही नाही, ब्रेकचा लिव्हर थोडा वाकला, पण लेक मागे बसलेली असती तर, या विचाराने रात्री नीट झोप लागली नाही. लहानपणी आमच्याकडे दूध घालायला येणारे मामा आठवले. काळी डबल बार सायकल, दोन्ही बाजूंना कॅन. एका घराला डाव्या कॅनमधलं दूध, पुढच्याला उजव्या कॅनमधलं. मला तेव्हा वाटायचं, दोन कॅनमध्ये दोन तऱ्हेचं दूध असणार. ते तोल सांभाळत होते हे समजायला मला मंडईत पडावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी बोहरी आळीत गेले. दोन पायांचा रुंद डबल स्टँड तिथे मिळाला नाही, तो एका वेल्डरकडून बनवून घेतला, पायांमध्ये ३८ सेंटिमीटर अंतर ठेवून. बोहरी आळीतून रॅचेटचे दोन पट्टे आणि जाड रबरी दोर आणले. तेव्हापासून नियम एकच: आधी डबल स्टँड, मग जड वस्तू तळाशी आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे, मग हलकं, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. उतरताना उलट, माणूस आधी. जड ओझं आसाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात थरथरायला लागतं. १५ किलो पीठ मुद्दाम मागे सरकवून पाहिलं, तेव्हा ताशी २० किलोमीटरच्या पुढे सायकल शेपूट हलवायला लागली. पुढे सरकवल्यावर थांबली.

पीठ म्हटलं म्हणून सांगते, दळण हे या सायकलचं सगळ्यांत सुखाचं काम आहे. गिरणी ८०० मीटरवर. १० किलो गहू, ३ किलो ज्वारी, २ किलो भाजणी. गिरणीवाले काका पहिल्यांदा म्हणाले, "ताई, स्कूटर बिघडली का?" मग स्वतःच बाहेर येऊन डबे झोळीत ठेवून गेले. येताना पिठाची ऊब झोळीतून पायाला लागते. आणि या एका फेरीत मी डबे उचलून चालत नाही, कुणाला हाक मारत नाही, पार्किंग शोधत नाही.

आता चढाचं. नळ स्टॉपवरून कोथरूडकडे येताना चढ सौम्य आहे, लेकीसकट दम न लागता जमलं. ताईकडे बावधनला जायला मात्र पौड रस्त्याने वनाजच्या पुढे चांदणी चौक चढावा लागतो, आणि तिथे मी उतरून ढकलली. घरी येऊन हिशोब मांडला. मी, सायकल, लेक, सामान मिळून १५० किलो धरा. ५ टक्के चढ, वेग ताशी ८ किलोमीटर. नुसतं उंची गाठायला साधारण १६५ वॅट लागतात आणि टायरांच्या घर्षणाला आणखी ३०च्या आसपास. वीस मिनिटं सलग मी १४० वॅट देऊ शकते, तेही चांगल्या दिवशी. म्हणजे कमी पडतात ५०-५५ वॅट. मोठी मोटर मला नकोच आहे, तेवढं अंतर भरून काढणारी हवी आहे.

कायद्याच्या बाजूनेही हे बरंच आहे. पेडल मारून चालणाऱ्या सायकलची मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी क्षमतेची असेल, ताशी २५ किलोमीटरला बंद होत असेल आणि बॅटरी वगळून सायकलचं वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती मोटर वाहनात धरत नाहीत. नोंदणी नाही, लायसन्स नाही. कार्गोवाल्यांनी ६० किलोचा आकडा लक्षात ठेवावा, पेटीवाल्या जड सायकली तिथपर्यंत सहज जातात.

हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) की मिड-ड्राइव्ह (पेडलपाशी बसणारी), यावर ग्रुपमध्ये खूप चर्चा झाली. हब स्वस्त आणि साधी, पण जड ओझ्याने हळू चढताना ती सावकाश फिरते आणि विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. मिड-ड्राइव्ह गिअरमधून जोर लावते, म्हणून लहान गिअरवर चढ सोपा होतो. बदल्यात चेन आणि फ्रीव्हील लवकर झिजतात. माझ्या वहीत चढाच्या फेऱ्या थोड्या असल्या तरी ज्या आहेत त्या नेमक्या लेकीसोबतच्या, त्यामुळे मी मिड-ड्राइव्हकडे झुकले. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे सुमारे ५०० वॅट-अवर. किलोमीटरला १२ वॅट-अवर धरले तर ४० किलोमीटर. आमचा आठवडा दोन चार्जिंगमध्ये निघेल. काढता येणारी बॅटरी मात्र हवीच, कारण इमारतीला लिफ्ट नाही आणि पार्किंगमध्ये प्लग नाही.

जुलैने ब्रेकचा निकाल लावला. मित्राच्या सायकलला रिम ब्रेक. चांदणी चौकातून खाली येताना पाऊस सुरू झाला, लिव्हर दाबला आणि पहिला क्षणभर काहीच झालं नाही. रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग धरतं. एकटी असताना तो क्षण खपतो, १५० किलोंसोबत नाही. डिस्क ब्रेक, पुढे-मागे १८० मिलिमीटरच्या चकत्या, हे त्याच उतारावर ठरलं. त्याच आठवड्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि मंडईहून म्हात्रे पुलाने फिरून यावं लागलं. दीड-दोन किलोमीटर जास्त, पण सायकलने तक्रार केली नाही. मडगार्डच्या टोकाला रबरी फ्लॅप लावा, नाहीतर समोरच्या चाकाचा सगळा चिखल तुमच्या पायांवर.

एवढं सगळं जमल्यावर मी हो म्हणायला हवं होतं. अडलं आमच्या पार्किंगमध्ये.

इमारत जुनी, तीन मजली. दुचाकींची रांग दोन खांबांच्या मध्ये. साधी सायकल भिंतीला लागून बसते. २१४ सेंटिमीटरची लाँगटेल मात्र शेजारच्यांच्या स्कूटरच्या वाटेत येते. पाच आठवडे मी रोज रात्री ती दोन स्कूटरच्या मध्ये तिरपी घालत होते आणि सकाळी सातला कुणीतरी बेल वाजवून "जरा सायकल काढता का" म्हणत होतं. त्यांची काहीच चूक नाही. पण चौथ्या आठवड्यात वहीत एक गोष्ट दिसली: दोन दिवस मी लेकीला आणायला स्कूटर काढली होती, पाऊस नसताना, चढ नसताना. सायकल आत अडकली होती, एवढ्याचसाठी. काढायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले की माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे जातो. तुमचाही जात असेल. म्हणून म्हणते, सायकल पसंत करण्याआधी ती रात्री उभी कुठे राहणार ते टेपने मोजा.

ट्रेलरही दोन दिवस आणून पाहिला. सामानाला ठीक, पण एक चाक खड्ड्यात आणि एक वर, असं झालं की कलंडायला बघतो, आणि लेकीला त्यात बसवायचा प्रश्नच नाही. परत केला.

आता पुढचं. २० इंची चाकांची आखूड लाँगटेल बनवून घेतेय. चाकं लहान असल्याने फळी खाली येते, लेक आणि ओझं दोन्ही खाली बसतात, आणि एकूण लांबी १७८ सेंटिमीटरमध्ये मावते, साध्या सायकलएवढी. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं ही अडचण खरी आहे, म्हणून २.४ इंची टायर आणि हवा थोडी कमी. मागच्या चाकाला ३६ तारा. फ्रेमची नळी ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाची, जोडकाम टिग वेल्डिंगचं. स्टँडवाल्या वेल्डरनेच होकार दिलाय, पण मागची फळी आणि सीटखालची उभी नळी यांच्यातला तिरपा जोड तो आधी पुठ्ठ्यावर कापून मागतोय. तो पुठ्ठा या रविवारी कापायचाय. तुमच्यापैकी कुणी २० इंचीवर मिड-ड्राइव्ह बसवली असेल तर पेडल आणि जमीन यांच्यात किती अंतर ठेवलंत ते कळवा. माझ्या आराखड्यात क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या मध्यापासून जमिनीपर्यंत २७ सेंटिमीटर येतंय, म्हणजे १६५ मिलिमीटरचा क्रँक घेतला तर पेडलखाली जेमतेम १० सेंटिमीटर उरतात आणि आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांची मला धास्ती आहे.

दहा दिवसांपूर्वी भिंतीलगत खडूने १७८ बाय ६० सेंटिमीटरचा चौकोन आखला. सेक्रेटरी काकांना विचारूनच. तिथे रोज रात्री माझी हायब्रिड लावते आणि सकाळी कुणी बेल वाजवतं का बघते. अजून कुणी वाजवलेली नाही. परवा खडू पुसट झाला होता, तर वॉचमन काकांनीच तो पुन्हा गिरवून ठेवला.