पाटणमध्ये भेटलेले जालना

गुजरातमधील पाटणला मी गेले ती राणीची वाव पाहायला. शंभराच्या नोटेवर छापलेली ती अकराव्या शतकातील पायऱ्यांची विहीर अप्रतिम आहे, पण तिच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच गावातील साळवी विणकरांच्या पटोळ्यांच्या, म्हणजे रेशमी वस्त्रांच्या, मागाविषयी, कारण तिथे पोहोचल्यावर पाच मिनिटांत माझ्याच गावाचे नाव माझ्या कानावर पडले.

मागावर बसलेल्या वयस्कर कारागिरांनी सवयीने विचारले, कुठून आलात? मी जालना म्हणताच त्यांचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही आमच्या मूळ गावच्या," ते हिंदीत म्हणाले. बाराव्या शतकातील सोळंकी राजा कुमारपाल पूजेला बसताना पटोळे नेसत असे. जालन्याचा राजा ही वस्त्रे आधी स्वतः अंथरायला वापरतो आणि मगच बाहेर विकू देतो, हे कळल्यावर त्याने 700 साळवी कुटुंबे पाटणला आणून वसवली, अशी त्यांच्याकडील आख्यायिका आहे. आम्ही जालनेकर 'जालना सोने का पालना' असे मोठ्या तोऱ्यात म्हणतो आणि लगेच मोसंबी व लोखंडी सळयांवर येतो. या पाळण्यातून पटोळे उठून गेले, हे मला चाळिशी उलटल्यावर परमुलखात कळावे, याची लाज वाटली.

पैठणीचे माग मी येवल्यात पाहिले आहेत. तिथे विणकर रंगीत रेशमाच्या कांड्या फिरवत मोर मागावरच घडवतो. पटोळ्यात मात्र माग लागण्यापूर्वीच नक्षी धाग्यांत उतरलेली असते: ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) या दोन्हींवर मापाने सुती दोऱ्याच्या गाठी मारायच्या, रंगवायचे, गाठी सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, पुन्हा रंगवायचे. मग एका बाजूला कललेल्या मागावर दोघांनी शेजारी बसून आडव्या धाग्याचा लाल तुकडा उभ्या धाग्याच्या नेमक्या लाल तुकड्यावर आणायचा. बाणा ठोकायला शिसवी लाकडाची तलवारीसारखी पट्टी असते. तिला 'वी' म्हणतात.

थोडे विणून झाल्यावर त्यांनी ताण सैल केला आणि सुई उचलली. मला वाटले, काही तुटले असावे. हत्तीच्या सोंडेची कडा केसभर सरकली होती, आणि ते सुईच्या टोकाने एकेक धागा हळूच ढकलून जागेवर बसवीत होते. हे थोडे थोडे विणून झाल्यावर दर वेळी करायचे, आणि साडी पूर्ण व्हायला चार ते सहा महिने. मी तिथे जवळजवळ तासभर खिळून बसले. दुपारचे जेवणही राहून गेले.

तेवढ्यात एक मोठा घोळका आत आला. सर्वांनी मोबाइल वर केले, एकाने "हेच यंत्रावर किती स्वस्त पडेल" असे मोठ्याने विचारले आणि दहा मिनिटांत सगळे निघून गेले. मला भयंकर चीड आली. परंतु खरे सांगायचे तर त्याआधी मीही किंमत विचारली होती, आकडा लाखांत ऐकल्यावर मनातल्या मनात पगाराचे महिने मोजले होते आणि चेहरा कौतुकाचा ठेवला होता.

निघण्यापूर्वी त्यांनी एक जुने पटोळे हातात दिले. 'पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि', म्हणजे कापड फाटेल पण त्यावरची नक्षी विटणार नाही, असे त्यांनी सांगितले. मी घडी उलगडून उलट बाजू शोधू लागले, तेव्हा ते हसले. दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

गावाची बाजू थोडी सावरावी म्हणून मी सांगितले की जालन्यात आता रेशीम कोषांचा बाजार भरतो, शेतकरी दूरदूरहून कोष घेऊन येतात. त्यांना मनापासून आनंद झाला. "आणि विणतं कोण?" त्यांनी विचारले.

मेहसाण्याची गाडी चुकेल, असे काहीतरी सांगून मी उठले.