खाकी कागदाखालचा हिरवा रंग

जुने कागद दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. पोथ्या, खरेदीखतं, नकाशे, कुणाच्या आजोबांची पत्रं असं सगळं टेबलावर येतं. बारा रहस्यकथांचा गठ्ठा मात्र त्या सकाळी पहिल्यांदाच आला.

घेऊन आलेले काका सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांचं गिरगावात छोटं वाचनालय होतं. ते बंद पडलं, पुस्तकं रद्दीत गेली आणि ही बारा तेवढी माळ्यावर राहिली. सगळी बाबूराव अर्नाळकरांची. प्रत्येक पुस्तकावर खाकी कागद चिकटवलेला आणि त्यावर शाईने नाव नि नंबर.

"ताई, बाबांचं अक्षर तेवढं टिकवा," एवढंच त्यांचं मागणं होतं.

पहिलंच पुस्तक उचललं. एका कोपऱ्यात खाकी कागद फाटला होता आणि नखाएवढ्या जागेतून गर्द हिरवा रंग दिसत होता.

"आत मुखपृष्ठ आहे, काका."

"असणारच. बाबांनीच झाकलं. पिस्तूल घेतलेल्या बाईचं चित्र बघून घरच्यांनी पुस्तक आत येऊ दिलं नसतं, असं म्हणायचे."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. अर्नाळकरांच्या पुष्कळ रहस्यकथांची मुखपृष्ठं रघुवीर मुळगावकरांची. हा माणूस १९१८ साली गोव्यातल्या अस्नोड्याला जन्मला आणि १९७६ साली गेला. स्प्रेने रंग असा बसवायचा की गालावर सावली कुठे सुरू होते ते शोधून सापडत नाही. त्यांची देवादिकांची कॅलेंडरं लोकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली, दिवाळी अंक जपून ठेवले. रहस्यकथा मात्र हातोहात फिरल्या, वाचून वाचून खिळखिळ्या झाल्या आणि त्यांची मुखपृष्ठंच आधी फाटली. मला याचं फार वाईट वाटतं. त्याच हातांनी, तितक्याच मनापासून केलेलं काम होतं ते.

काकांना विचारलं, उघडू का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्षर जाणार नसेल तर उघडा."

अडचण तीच होती. शाईच्या एका टिंबावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवला, टिपकागदाने टिपला, तर निळा डाग उतरला. म्हणजे अक्षराच्या जागी पाणी नाही. दुसरी चिंता गोंदाची. खाकी कागद पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने चिकटवलेला असता तर चित्रासकट निघाला असता. फाटलेल्या कोपऱ्यातून एक कण काढून ओला केला. तो फुगला, मऊ झाला. मैद्याची खळ! बाइंडर लोक शिजवायचे तीच, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली.

मग मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे पाण्यात फुगवलेल्या चिकट जेलचा, जाडसर थर कागदावरून हळूहळू दिला. त्यातून ओल फार सावकाश झिरपते. खळ सैल होते आणि खालची छपाई भिजत नाही. दहा मिनिटं थांबायचं, पातळ पातं सरकवायचं, बोटभर कागद उचलायचा, पुन्हा थांबायचं. नावाचा भाग शेवटी ठेवला आणि कोरडाच सोडवला. त्या एका पट्टीला तास लागला. साडेतीन तासांनी खाकी कागद अख्खा वेगळा झाला.

हिरवी साडी. मागे वळून बघणारी बाई, रस्त्यावरचा दिवा, आणि तिच्या खांद्यामागून आलेला पिस्तुलाचा हात. हात कुणाचा ते चित्रात नाहीच. पुस्तक विकत घ्यायला तेवढं पुरे! इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे पिवळा आणि लाल जराही विटले नव्हते. खाकी कागदाच्या आम्लाने कडा तपकिरी झाल्या होत्या, पण तेवढ्याच.

भिंगाखाली पाहिलं तर चेहरा ठिपक्यांचा झाला. पिवळा, लाल, निळा, वर काळा. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, कागद तितक्या वेळा यंत्रातून गेलेला. लाल ठसा केसभर सरकला होता, त्यामुळे ओठांचा रंग ओठाबाहेर आला होता. काही जण याला खराब छपाई म्हणतील. मला त्यात घाईघाईने कागद लावणारा छापखान्यातला कामगार दिसतो. मूळ चित्रात हे नसणार. ही बाई फक्त या प्रतीतली. सही कोपऱ्यात होती, अर्धी कापलेली. कटाई करणाऱ्याने पातं जरा आत घेतलं होतं.

काकांना बोलावलं. त्यांनी हात शर्टाला पुसले, पण चित्राला लावले नाहीत.

"हे मी पाहिलेलं आहे," ते म्हणाले. "बाबा खळ लावत होते तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मला वाटायचं, स्वप्नात पाहिलं असेल."

खाकी कागदाला मागून पातळ पण चिवट अशा जपानी कागदाचं अस्तर देऊन त्याचं सुटं वेष्टन केलं. घालता येतं, काढता येतं. दुपारी दुसरं पुस्तक घेतलं. त्याच्या कोपऱ्यातला कण पाण्यात तासभर ठेवूनही घट्टच राहिला. ते नंतर कधीतरी सिंथेटिक गोंदाने चिकटवलेलं होतं. मी ते उघडलं नाही. फक्त अक्षरावरची धूळ झटकली आणि आम्लमुक्त पेटीत ठेवून काकांना परत दिलं.