नवा ट्रेल सापडला, पण पहिल्या दिवशी चालवला नाही

डोंगराच्या मागच्या अंगाने सायकलसाठी नवीन सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल एवढा अरुंद ट्रेल, खुला झालाय असं कानावर आलं आणि तेव्हापासून मला चैन नव्हतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत माहिती एवढीच उरली होती की खिंडीच्या अलीकडे कुठेतरी सुरू होतो आणि खाली ओढ्यापाशी निघतो. फोनमधल्या एकाही मॅपवर त्याची रेघ नव्हती. सॅटेलाईटचे फोटो बघितले तर ते जुने, तिथे नुसतं हिरवंगार रान.

मग कंटूर मॅप, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा दाखवणारा नकाशा, उघडून बसले. ट्रेल बांधणारी माणसं कसा विचार करतात हे थोडंफार माहीत असलं की बराच अंदाज बांधता येतो. सपाट जागा ती टाळतात, कारण तिथे पाणी साचतं, चिखल होतो, मग लोक चिखल चुकवायला बाजूने जातात आणि वाट पसरत जाते. कड्यासारखा उभा भागही टाळतात, तिथे खोदकाम फार पडतं. त्यांना हवी असते डोंगराची मधली तिरकी कूस, जिच्यावरून वाट आडवी नेता येते. त्यांचा एक साधा नियम आहे, वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही. बाजूचा उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण ट्रेलची सरासरी १० टक्क्यांच्या पुढे शक्यतो जाऊ द्यायची नाही. निम्म्यापेक्षा जास्त चढ ठेवला की पाणी वाट ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं, आणि मग दोनचार पावसात वाटेची नाळ होते. हे सगळं डोक्यात ठेवून खिंडीपासून ओढ्यापर्यंत बोट फिरवलं तर एकाच सोंडेवर कंटूरच्या रेघा बरोब्बर हव्या तेवढ्या अंतरावर दिसत होत्या. तिथे खूण केली आणि मित्राला फोन लावला.

"सापडला का?" त्याचा पहिला प्रश्न.

"कागदावर सापडलाय. रविवारी चल."

वर जायला सात किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, गाडी जाईल एवढा रुंद, मुरमाचा, आणि शेवटच्या दोन किलोमीटरला नुसता घसारा. मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अंग पुढे टाकायचं, सीटच्या टोकावर बसायचं, सगळ्यात हलक्या गिअरवर शांतपणे पाय फिरवत राहायचं. बोलणं बंद होतं, फक्त श्वास आणि टायरखाली खडी करकरल्याचा आवाज. माउंटन बायकिंग सुरू झालं ते असल्याच रस्त्यांवर. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली शर्यती लावायला लागली. त्या सायकलींना पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असायचा, तो उतारावर इतका तापायचा की मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटर खाली. दर वेळी त्या घसाऱ्यावर धापा टाकत असताना मला ती माणसं आठवतात, बिनसस्पेन्शनच्या जडशीळ सायकलींवर खाली सुटलेली, आणि खरंच मान द्यावासा वाटतो.

खिंडीच्या अलीकडे आम्ही आधी चुकलोच. एक वाट डावीकडे उतरत होती, तीच असणार म्हणून घुसलो. दोनशे मीटरवर कळलं की ही जुनी पायवाट आहे, सरळ उताराच्या रेषेत खाली गेलेली. पाण्याने मधोमध गुडघाभर खोल चर पाडलेली, मुळं उघडी पडलेली, दोन्ही बाजूंनी लोकांनी चर चुकवायला आणखी दोन वाटा पाडलेल्या. सायकली खांद्यावर घेऊन परत वर आलो. पण ती चूक झाली ते एका अर्थी बरंच झालं, कारण नंतर जे बघितलं त्याची किंमत त्यामुळे जास्त कळली.

खरी सुरुवात माझ्या खुणेपासून जेमतेम दीडशे मीटरवर निघाली. आधी वास आला. ताज्या खणलेल्या मातीचा, ओला, थोडासा कुजलेल्या पानांचा. मग एका झाडामागे लाकडाचा नवा खांब दिसला, त्यावर निळा चौकोन, म्हणजे मध्यम अवघड, आणि खाली जाणारा बाण. तिथून वाट सुरू होत होती, हँडलबारपेक्षा थोडीशीच रुंद. वरच्या बाजूला डोंगर कापलेली भिंत, भिंतीतून मुळांची तोंडं बाहेर आलेली, करवतीने इतकी स्वच्छ कापलेली की आतला पांढरा गोल अजून काळवंडला नव्हता. एकाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकत होता. मी सायकल आडवी ठेवली आणि खाली बसून नुसती बघत राहिले.

थेंब लटकत होता याचा अर्थ पाऊस होऊन गेला होता. आदल्या रात्री, वरच्या भागात, आणि खाली आम्हाला पत्ताच नव्हता. मूठभर माती उचलून दाबली तर गोळा झाला, बोटाने टोचला तरी फुटेना. अंगठा वाटेवर टेकवला तर पहिल्या पेरापर्यंत आत गेला. मला तेवढ्यात कळलं की आज चालवायचं नाही.

मित्र वैतागला, आणि त्याचंही चूक नव्हतं. "अगं दीड तास चढून आलोय. दोन टायरच्या दोन रेघा उमटतील, त्यात काय एवढं?"

"त्या दोन रेघाच पुढच्या पावसात ओहोळ होतात. आत्ता ती खालची पायवाट बघून आलास ना?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हेल्मेट घालून सायकल वळवली. आम्ही आल्या रस्त्याने परत उतरलो, मुरमाचा रस्ता टणक असतो, त्याला काही होत नाही. उतरताना सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं.

नवीन ट्रेल खुला झाला म्हणजे तो पूर्ण झाला असं नसतं, हे मला फार उशिरा कळलं, सायकल चालवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर. बांधणारे डोंगर कापून पायरी काढतात, बर्म, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या काठाला मातीचा उंच बांध, रचतात, ठोकून ठोकून बसवतात, पण शेवटचं घट्ट बसवायचं काम चाकं करतात. किंचित दमट मातीवरून शंभर चाकं गेली तर ती दाबून पक्की होते, आणि चिकट ओल्या मातीवरून दहा चाकं गेली तर ती कापली जाते, फुगते, आणि सुकल्यावर तशीच कडक होऊन बसते. पहिल्या काही आठवड्यांत जो आकार पडतो तो पुढे कायम राहतो. म्हणून नव्या ट्रेलवर पहिले जाणारे लोक कोण आणि ते कुठल्या दिवशी गेले याने फार फरक पडतो.

पुढचे दिवस मी हवामानाचं ॲप बघण्यात घालवले. पाच दिवस कोरडे गेले आणि दुसऱ्या रविवारी पहाटेच निघालो. या वेळी मातीचा गोळा वळला आणि टोचल्याबरोबर चार तुकडे होऊन पडला. बरोब्बर अशीच हवी होती. टायरमधली हवा कमी केली, पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय, कारण मऊ मातीवर टायर थोडा पसरला तर पकडही चांगली मिळते आणि वाटही कमी खणली जाते. सीट खाली केली, पॅडल समपातळीत, टाचा खाली, कोपरं बाहेर, आणि ब्रेक सोडला.

पहिल्या पन्नास मीटरला एकदम वेगळं वाटतं. जुना ट्रेल खडखडतो, हा आवाजच करत नव्हता. मऊ माती चाकाला धरून ठेवते म्हणून वेग हळूहळू वाढतो, आणि टायरखालून फक्त सळसळ असा आवाज येत राहतो, कोणीतरी जाड कापड हळूच ओढत असल्यासारखा. वाट डोंगराला आडवी मारत जाते, दर पंधरा-वीस मीटरवर एक हलकी उतरंड आणि लगेच छोटा चढ. चालवणाऱ्याला वाटतं हे मजेसाठी केलंय, सायकल लाटेवर असल्यासारखी वरखाली होते, खोलगट भागात हातपाय दाबले की पॅडल न मारता वेग मिळतो. पण ती प्रत्येक लाट पाण्यासाठी आहे. वाटेवरून वाहत आलेलं पाणी खोलगट भागात पोचलं की पुढचा चढ त्याला अडवतो आणि ते बाजूने खाली उतरून जातं. पाण्याला वाट दाखवायला केलेल्या गोष्टीतून चाकांना एवढा आनंद मिळतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

चौथं वळण हा या ट्रेलचा जीव आहे. पूर्ण उलटं फिरणारं वळण, बाहेरच्या बाजूला छातीएवढा उंच बर्म. मी आधी थांबून चालत बघून आले. बर्मच्या वरच्या काठावर फावड्याच्या पाठीने थोपटल्याच्या खुणा अजून होत्या, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारख्या. माती नवीन असल्यामुळे बर्मच्या आत ब्रेक मारायचा नाही, चाक लॉक झालं की सगळा खवला निघून येतो. सगळा वेग आधी कमी करून घेतला, नजर वळणाच्या पार पलीकडे ठेवली, सायकल आडवी झुकवली, आणि बर्मने मला अलगद उचलून दुसऱ्या दिशेला सोडून दिलं. तोंडातून ओरडणं निघालं ते पार दरीपर्यंत गेलं असणार. मागून मित्र आला, तोही ओरडतच.

त्याच्या पुढे कातळाचा एक उतार आहे, साधारण दोन सायकली लांब, दिसतो त्यापेक्षा सोपा. तिथे माझ्या मागच्या टायरला दगड लागून बाजूला छोटं भोक पडलं, टायरच्या आत भोक बुजवायला भरलेल्या सीलंटचा फवारा उडाला. चाक फिरवून भोक खाली आणलं, मिनिटभर थांबले, भरलं, हवा मारली, निघालो. ट्यूबलेस करून घेतल्यापासून पंक्चर ही गोष्ट विसरायलाच झालीय.

पण सातव्या वळणानंतर मन खट्टू झालं. वाटेच्या मधोमध एक लांब चर, टायरच्या रुंदीचा, चार बोटं खोल, कडक वाळलेला. कोणीतरी त्या ओल्या दिवसांत चालवून गेलं होतं. चाक त्यात शिरलं की बाहेर काढता येत नव्हतं, आणि खालच्या टोकाला माती वाहून येऊन थाळीएवढं डबकं साचायला सुरुवात झाली होती. मित्राने थांबून त्या चराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं टाचेने कडा पाडत बसलो, पण पायाने ते होण्यातलं नव्हतं.

ओढ्यापाशी उतरलो तर तिथे ट्रेल बांधणारी चार-पाच मंडळी होती, सगळी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आलेली. शेजारी अवजारं टेकवून ठेवलेली. एकीकडे कुऱ्हाड आणि दुसरीकडे कुदळ अशा पात्याचं पुलास्की, आणि मॅकलाउड, ज्याला एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं. दोन्ही मुळात जंगलातले वणवे आवरण्यासाठी अमेरिकेतल्या वनखात्याच्या माणसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेली. पुलास्की ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या एड पुलास्कीने १९१० च्या मोठ्या वणव्यात आपल्या बहुतेक माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं होतं. आज तेच अवजार मुळं तोडून सायकलसाठी वाट काढतं.

त्यांच्यातल्या एका काकांनी विचारलं, "कसा वाटला?" मी चौथ्या वळणाचं सांगितलं, त्यांचा चेहरा फुलला. मग मी चराचं सांगितलं.

"सातव्याच्या खाली ना? पाणी थांबतंय तिथे?"

"हो, थोडंसं."

त्यांनी एक मॅकलाउड माझ्या हातात दिलं आणि एक मित्राच्या. "चला मग."

सायकली तिथेच ठेवून अर्धा तास चढलो. काकांनी दाखवलं तसं दात्यांनी चराच्या दोन्ही कडा सैल करून आत ओढल्या, पातं उलटं करून थोपटलं, मग परत ओढलं, परत थोपटलं. वाटेला बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतार द्यायचा, ५ टक्के म्हणजे एक मीटर रुंदीला पाच सेंटीमीटर, डोळ्याला दिसतही नाही. माझे तळहात भाजून निघाले, पण थांबावंसं वाटेना. डबक्याच्या जागी बाहेरची कड कापून वीतभर मोकळी केली.

झाल्यावर काकांनी माझी पाण्याची बाटली मागितली. झाकण काढून त्यांनी वाटेच्या वरच्या काठावर, भिंतीला लागून, पाणी हळूहळू ओतलं. आम्ही सगळे गुडघ्यावर बसून बघत होतो. पाणी आधी जागेवरच फुगलं, थोडंसं खाली सरकलं, जुन्या चराच्या दिशेने वळतंय की काय असं वाटलं, आणि मग आडवं होऊन वाट ओलांडून काठावरून पानांत उतरून गेलं.

"आता आठवडाभर कोणाला जाऊ द्यायचं नाही," काका म्हणाले, आणि वळणाच्या तोंडाशी दोन फांद्या आडव्या टाकून आले.