टेबल नंबर शून्य

डॉक्टरांनी विचारलं, हॉटेलात काम करता म्हणजे चमचमीत खाणं बरंच होत असेल ना? आणि मी अगदी छातीठोकपणे सांगितलं, छे हो, मी तिथलं काहीच खात नाही, घरून डबा नेते. यात खोटं काही नव्हतं. डबा मी खरंच नेते. तो चार वाजता उघडायचा, दोन घास खायचे आणि निम्मा परत आणायचा हेही रोजचंच, पण तो का उरतो हा प्रश्न मला आठ वर्षांत एकदाही पडला नव्हता. डॉक्टरांनी काही न बोलता रिपोर्टवर पेनाने गोल केला. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.२. म्हणजे ५.७ ची वेस ओलांडून झाली, ६.५ ला पोचले की डायबेटिस. वर म्हणाले, हा साधारण तीन महिन्यांचा हिशोब असतो, आदल्या दिवशी उपाशी राहून याला फसवता येत नाही. हिशोब हा शब्द जरा लागलाच, कारण दिवसभर मी दुसरं काय करते?

ठाण्याला नौपाड्यात मामांचं हॉटेल आहे, त्याच्या गल्ल्यावर मी बसते. हॉटेल म्हणजे आपलं मराठी पद्धतीचं, सकाळी सातला मिसळ, बटाटेवडा, पोहे, मग साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी, गोडात शिरा आणि पीयूष. चौदा टेबलं. गल्ला आणि भटारखाना यांच्यामध्ये एक खिडकी आहे, तिच्यातून प्लेटी बाहेर येतात आणि बिलाच्या चिठ्ठ्या आत जातात. माझी खुर्ची त्या खिडकीला लागून. आता या खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलचं ताट असतं, आणि सगळी गोम त्या ताटात आहे.

त्यात चुरा असतो. वडे सोडताना पिठाचे थेंब कढईत पडतात, ते तळून वर येतात, वस्ताद, म्हणजे आमचे मुख्य आचारी, झाऱ्याने ते गोळा करून ताटात टाकतात, वडापाव पार्सल नेणारे मागतात म्हणून. पिवळाधमक, कुरकुरीत, वर कोणीतरी लाल चटणी भुरभुरलेली. याची गंमत अशी की याला प्लेट नाही, भाव नाही, मेन्यूकार्डावर नाव नाही. एका हाताने सुट्टे पैसे मोजायचे आणि दुसरा हात आपोआप ताटात. वडा खाल्ला तर निदान वडा खाल्ला हे कळतं हो, चुरा खाल्ला हे कोणालाच कळत नाही, खाणाऱ्यालासुद्धा नाही.

त्यात परत मोडकं. साबुदाणा वडा तेलात फुटला की तो गिऱ्हाइकाला देता येत नाही, थालीपीठाचा कडेचा तुकडा पडला की ते प्लेटमध्ये बरं दिसत नाही, शिऱ्याच्या मुदीतून वर आलेला जास्तीचा भाग कापावाच लागतो. हे सगळं कट्ट्यावर येतं आणि आपल्यात अन्न टाकायचं नाही हे लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय चव. सकाळी साडेसहाला वस्ताद आतून हाक मारतात, ताई, हात करा! मी तळहात पुढे करते आणि ते त्यावर डावाने चार थेंब मिसळीचा रस्सा टाकतात. मीठ बघा. मग दहाला दुसरं पातेलं, परत मीठ बघा. ते चार थेंब जिभेवर गेले की लगेच काहीतरी कोरडं लागतंच सोबत, म्हणून फरसाण, फरसाण तिखट लागतं म्हणून शिरा. पण मनात नोंद कसली, तर मी फक्त मीठ बघितलं.

लोकांना वाटतं, हॉटेलात काम करणारी माणसं दिवसभर हादडत असतील. तसं नसतं. नवीन पोरगं कामाला लागलं की मामा त्याला पहिल्या दिवशी सांगतात, काय हवं ते खा, कोणी विचारणार नाही. मिठाईवाल्यांची जुनीच युक्ती आहे ही. पहिला आठवडा पोरगं वड्यावर वडे हाणतं, दुसऱ्या आठवड्यात त्याला नुसत्या वासाने कसंतरी व्हायला लागतं, तिसऱ्यापासून ते गुपचूप आमटीभात जेवतं. वस्तादांनी तर सतरा-अठरा वर्षांत अख्खा वडा खाल्लेला मी ऐकला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ताई, वडा माझ्या शर्टाला, केसाला, घरच्या उशीला सगळीकडे आहे, आता पोटात कशाला? कढईसमोर उभ्या माणसाची भूक तेलाच्या धुरानेच मरते. माझं तसं होत नाही कारण मी खिडकीच्या अलीकडे, पंख्याखाली. मला धूर नाही, फक्त वास, आणि तोही हप्त्या हप्त्याने. प्रत्येक घाण्याला नवा.

उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ज्याने काढली तो नक्की गल्ल्यावर बसलेला असणार. आषाढीला आमच्याकडे बटाटेवड्यापेक्षा साबुदाणा वडा जास्त जातो, आणि मीही एकादशी धरते, म्हणजे त्या दिवशी चुऱ्याला हात नाही (बेसन!), पण फुटलेले साबुदाणा वडे, दाण्याची आमटी, खिचडीची खरपूड, सगळं पवित्र. रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा नीट वाचलं की १०० ग्रॅम साबुदाण्यात जवळपास ८८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं म्हणाल तर नावाला. कसावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च तो. पांढरे मोती म्हणून आपण कौतुक करतो त्याचं.

तर एका दुपारी वस्ताद कढईत मीटर बुडवून उभे होते. तेलाचा मीटर असतो, थर्मामीटरसारखा लांब दांड्याचा, तेल किती खराब झालं ते आकड्यात सांगतो. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे, जुलै २०१८ पासून, टीपीसी, म्हणजे तळून तळून तेलात साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल काढून टाकायचं, त्यात परत तळायचं नाही. वस्ताद आकडा वाचून म्हणाले, साडेबावीस, आजचा दिवस निघेल, उद्या बदलू. मी खिडकीतून बघत होते आणि अर्थात हात ताटात होता. मनात आलं, अरे, या कढईची सुद्धा कोणीतरी रोज नोंद ठेवतंय.

त्याच संध्याकाळी मी बिलाच्या मशीनमध्ये नवीन टेबल उघडलं. एक ते चौदा भरलेले होते म्हणून नंबर दिला शून्य. ठरवलं एवढंच की खाणं बंद वगैरे करायचं नाही, फक्त तोंडात जे जाईल ते गिऱ्हाइकासारखं पंच करायचं. आता चुऱ्याला कोड नाही. मग एक मूठ चुरा म्हणजे हाफ प्लेट वडा, असा भाव मीच लावला. मीठ बघायचा रस्सा म्हणजे एक्स्ट्रा रस्सा. दुसऱ्या दिवशी रात्री बिल काढलं. चहा पाच, १०० रुपये. चुरा दोनदा, ५०. शिरा एक, ५०. रस्सा दोन, ४०. फुटका साबुदाणा वडा, ४०. कोथिंबीर वडी हाफ, ३५. वडा एक, २५, हा कधी खाल्ला ते अजून आठवत नाही पण पंच केलेला आहे म्हणजे खाल्ला. टोटल ३४०, वर ५ टक्के जीएसटी १७, एकूण ३५७ रुपये फक्त. आमच्याकडे चौघांचं कुटुंब नाश्ता करून गेलं तर जेमतेम एवढं होतं. आणि ही बाई डॉक्टरला सांगून आलेली की मी काहीच खात नाही.

ते कागदाचं भेंडोळं हातात घेऊन मी बराच वेळ बसले. खरं सांगू का, त्यातलं चवीने खाल्लेलं एकही नव्हतं. शिरा गरम होता का गार, आठवत नाही.

पंच करायचं म्हटल्यावर मजा अशी झाली की निम्मं खाणं आळसानेच सुटलं. एका मुठीसाठी मशीन उघडा, टेबल शून्य निवडा, आयटम शोधा, कोण करत बसेल, त्यापेक्षा नको. चुऱ्याचं ताट वस्तादांना सांगून खिडकीच्या पलीकडे, त्यांच्या डाव्या हाताला सरकवलं. माझा हात तिथवर पोचत नाही, आणि वस्ताद मुद्दाम काही विचारत नाहीत, नुसतं बघतात, ते पुरतं.

चहाचं मात्र अवघड गेलं. हॉटेलचा चहा साखर घालूनच उकळतात, मोठ्या पातेल्यात, त्यात तुम्हाला बिनसाखरेचा असं काही नसतं. चारच्या सुमाराला गर्दी नसते, पावाचा माणूस हिशोबाला येतो, दुधाचा येतो, गॅसवाला येतो, प्रत्येकाबरोबर अर्धा कप. ते चहा भुकेचे नसतातच, बोलण्याचे असतात. आता मी कोरा घेते, आलं घालून, आणि दुधवाला दर वेळी विचारतो, ताई, आमच्या दुधात काही प्रॉब्लेम आहे का?

डाएटचे सल्ले तर टेबलाटेबलावर फुकट मिळतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट करणारे दीक्षितवाले आणि ऋजुता दिवेकरांचं करणारे दिवेकरवाले असे दोन पंथ आमच्याकडे एकाच टेबलावर बसून मिसळ खाताना मी बघितलेत. एक म्हणणार दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. दुसरा म्हणणार दर दोन तासांनी थोडं थोडं, तूप घ्या, आजी खायची ते खा. दोघांचे वजनाचे फोटो मोबाईलमध्ये तयार. दीक्षितवाले गिऱ्हाईक ओळखू येतं, ते घड्याळ लावून बसतं, मिसळ, मग थालीपीठ, मग शिरा, मग पन्नासाव्या मिनिटाला पीयूषची घाई, कारण नंतर रात्रीपर्यंत दार बंद. गल्ल्यावरून बघितलं तर चांगलं गिऱ्हाईक आहे, फक्त रविवारी टेबल अडतं. मला स्वतःला दोन्ही जमेना. दोन वेळा म्हणावं तर वस्ताद सकाळी साडेसहाला हात करा म्हणतात, आणि दर दोन तासांनी तर मी आधीच खात होते, दर दोन मिनिटांनी म्हणा.

जमलं ते स्टाफचं जेवण. साडेअकराला, दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आतल्या कट्ट्यावर पोरं जेवतात. कुळथाचं पिठलं नाहीतर मुगाची आमटी, एक पालेभाजी, भात, आणि वस्ताद स्वतःसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापतात, राजापूरकडचे ना. गिऱ्हाइकाला न मिळणारी, मेन्यूवर नसलेली, हॉटेलातली सगळ्यात चांगली थाळी हीच, आणि आठ वर्षं मी ती खिडकीतून बघत होते, डबा आहे म्हणून. आता डब्यातली भाजी त्यांच्यात ओतते आणि त्यांच्याबरोबर बसते. अर्धी भाकरी, भात अगदी थोडा. पोट भरलेलं असलं की एक वाजताच्या घाण्याचा वास हा नुसता वास असतो, त्यात हाक नसते.

तीन महिन्यांनी ५.९ आला. डॉक्टर म्हणाले, काय केलंत? मी म्हटलं, बिल फाडलं. त्यांना काही कळलं नाही.

यात एक गोंधळ झाला तो सांगायचा राहिला. महिनाअखेरीला मामा रिपोर्ट बघत बसले, चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. हे टेबल शून्य कुठलं गं? माणसं कोण बसतात तिथे? पैसे तर आलेले दिसत नाहीत. मग सगळं सांगावं लागलं, चुऱ्याच्या कोडासकट. मला वाटलं ओरडतील, फुकटचं बिल फाडून मशीनचा घोळ केला म्हणून. ते काहीच बोलले नाहीत, बोटाने त्या यादीवरून खालपर्यंत गेले, मग परत वर. मामांची शुगर माझ्यापेक्षा जुनी आहे आणि मामींनी घरात गोड बंद केलेलं आहे, हे सगळ्यांना माहीत.

दुपारी चारला खिडकीशी आले, आत बघितलं, बाहेर बघितलं, आणि हळूच म्हणाले, "एक शिरा टाक गं, तुझ्या टेबलावर."

मी म्हटलं, "मामा, तुमचं वेगळं उघडते. मामींना महिन्याचा रिपोर्ट काढून द्यायला सोपं पडेल."

शिरा तसाच परत आत गेला. साडेचारला वस्तादांनी सांगितलं की पातेल्याच्या कडेचा थोडा खरवडलेला दिसतोय, कोणी ते माहीत नाही.